फ्रीझर सांभाळणार कोण?

२०२५च्या जानेवारीत सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठाने एक काम पुरे झाल्याचे जाहीर केले. यीस्टच्या सोळा गुणसूत्रांपैकी शेवटचे उरलेले गुणसूत्रही नव्याने बांधून झाले होते. ज्याच्यामुळे पाव फुगतो आणि साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळीचे अल्कोहोल होते तेच हे यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. त्याच्या जनुकसंचातली सुमारे १ कोटी २० लाख अक्षरे संगणकावर नव्याने मांडायची, त्याबरहुकूम डीएनएची साखळी रसायनांतून घडवायची आणि जिवंत पेशीत ती मूळ साखळीच्या जागी बसवायची, असा हा प्रकल्प. अमेरिकेत जेफ बोके यांनी तो हाती घेतला आणि चीन, ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया अशा देशांतल्या प्रयोगशाळांनी गुणसूत्रे वाटून घेऊन तो इथवर आणला. ही सगळी गुणसूत्रे एकाच पेशीत नांदवण्याचे काम अजून बाकी आहे, पण अवघड चढ संपला आहे. या वाटणीत भारत कुठेच नव्हता. यीस्टच्या जिवावर ज्यांचा मोठा धंदा चालतो अशा राज्यांत महाराष्ट्र वरच्या रांगेत बसतो. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, जगभर इथेनॉलचे प्रकल्प उभारणारी पुण्याची प्राज इंडस्ट्रीज आहे. या एकपेशीय जिवाशी रोजचा व्यवहार असणारी शेकडो माणसे इथे आहेत. असे असताना त्याच यीस्टच्या नव्या बांधणीत आपला हात का लागला नाही, याचे उत्तर पैसा कमी किंवा प्रतिभा कमी एवढ्यावर भागवता येणार नाही. पैसा इतर कामांवर खर्च झालाच, आणि प्रतिभावान माणसे त्याच परदेशी प्रयोगशाळांत जाऊन काम करतात.

हा प्रकल्प ज्या शास्त्रात मोडतो ते सिंथेटिक बायोलॉजी म्हणजे पेशीकडून आपल्याला हवे ते काम करून घेण्यासाठी तिच्या जनुकांची आखणी करणे. या शास्त्राचा आरंभ बहुतेक जण २०००च्या जानेवारीत ‘नेचर’च्या एकाच अंकात आलेल्या दोन शोधनिबंधांपासून धरतात. मायकेल एलोविट्झ आणि स्टॅनिस्लास लिब्लर यांनी एकमेकांना दाबत राहणारी तीन जनुके जोडून जिवाणूला ठरावीक लयीत उजळायला आणि विझायला लावले. टिमथी गार्डनर, चार्ल्स कँटर आणि जेम्स कॉलिन्स यांनी दोन जनुकांचा चालू-बंद होणारा खटका तयार केला. या निबंधांमागची विचारसरणी भौतिकशास्त्राची आणि अभियांत्रिकीची होती, हाताखालचा जीव मात्र जीवशास्त्राचा. त्यामुळे हे शास्त्र आंतरशाखीय असले पाहिजे यावर वाद नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी मंजूर केलेले ‘बायो-ई-थ्री’ धोरणही तेच म्हणते. त्यात जैवनिर्मिती केंद्रे, यंत्रांच्या साह्याने जनुके आणि पेशी घडवणाऱ्या बायोफाउंड्री आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची जैव-केंद्रे उभी करायचा संकल्प आहे. वाद आहे तो वेगवेगळ्या शाखांची माणसे एकत्र कशी येतात यावर. आपल्याकडची रूढ समजूत अशी की त्यांना एका इमारतीत बसवावे, वर्षातून एकदा परिषद भरवावी, सामंजस्य करारावर सह्या करून फोटो काढावा. या विषयाचा गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास पाहिला तर वेगळे दिसते. ज्या वस्तू, जी मापे आणि जे दोष सगळ्यांचे सामायिक झाले, त्यांच्याभोवती माणसे जमली. आणि त्या सामायिक गोष्टी सांभाळणे हे कुणाचे तरी पगारी, मानाचे काम होते, तिथेच ती टिकली.

यीस्टचाच प्रकल्प बघा. गुणसूत्रे वाटून दिली, पण बदलांचे नियम सगळ्यांना एकच होते. जनुकाच्या शेवटी येणारी टीएजी ही खूण सगळीकडे टीएए करायची. पेशीला प्रथिने बांधायला लागणाऱ्या टी-आरएनएची जनुके मूळ जागांवरून उचलून एका वेगळ्या, नव्या गुणसूत्रावर न्यायची. ठरावीक ठिकाणी अशा खुणा पेरायच्या की पुढे हवे तेव्हा जनुकांची फेरमांडणी करता येईल. ही आखणी हाताने करणे अशक्य होते, म्हणून त्यासाठी संगणकप्रणाली लिहिली गेली आणि ती लिहिणारे पहिल्या दिवसापासून प्रकल्पात होते. सुरुवातीचे बरेचसे तुकडे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्यांनी एका अभ्यासक्रमाचा भाग म्हणून जोडले. तिसरे गुणसूत्र २०१४मध्ये पुरे झाले त्यात त्या वर्गाचा मोठा वाटा होता. खरी गंमत त्यानंतरची. नवे गुणसूत्र बसवले की पेशी कधी कधी रेंगाळत वाढे, आणि लाखो अक्षरांतल्या कोणत्या बदलाने ती आजारी पडली हे शोधावे लागे. दोष शोधण्याची एका गटाने बसवलेली रीत दुसरा गट उचलत असे, कारण आखणीचे नियम एक असल्याने ती रीत तिथेही चालत होती. प्रत्येकाने आपापल्या मनाने गुणसूत्र बांधले असते तर टियांजिनच्या गटाने शोधलेला दोष लंडनच्या गटाला उपयोगी पडला नसता. प्रकल्पाने आपली लेखी आचारसंहिताही केली. सुरक्षिततेचे नियम काय, तयार झालेल्या वाणांवर पेटंट घ्यायचे नाही, हे सगळे कागदावर आले. त्या दस्तऐवजाच्या लेखकांत जैवनीतीच्या अभ्यासकही आहेत. परिषदेतल्या मैत्रीवर हा डोलारा उभा राहिला नसता.

याच्याही आधीचे उदाहरण मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे. टॉम नाइट हे तिथले मुरलेले संगणक अभियंते. १९९०च्या दशकात ते पदवीच्या मुलांबरोबर जीवशास्त्राच्या वर्गात जाऊन बसले आणि मग संगणकशास्त्राच्या इमारतीतच त्यांनी जीवशास्त्राची प्रयोगशाळा थाटली. त्यांना खटकले ते असे की दोन डीएनए तुकडे जोडण्यासाठी प्रत्येक प्रयोगशाळा दर वेळी नवी युक्ती शोधते आणि तिचा दुसऱ्याला काहीच उपयोग होत नाही. २००३मध्ये त्यांनी साधा नियम मांडला. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना ठरलेल्याच विकरांनी कापता येईल अशा जागा असाव्यात, म्हणजे कुणाचाही तुकडा कुणाच्याही तुकड्याला जोडता येईल. अशा तुकड्यांचे एक भांडार सुरू झाले. त्याच साली जानेवारीच्या सुट्टीत विद्यार्थ्यांसाठी छोटा अभ्यासक्रम झाला, २००४मध्ये पाच अमेरिकी विद्यापीठांची उन्हाळी स्पर्धा झाली, पुढच्या वर्षी परदेशी संघ आले आणि आयजेम या नावाने आज ती शेकडो संघांची स्पर्धा आहे. पुण्याच्या आयसरचे विद्यार्थीही तिच्यात उतरले आहेत. या स्पर्धेचा झगमगाट, पदके, घोषणा मला फारशा महत्त्वाच्या वाटत नाहीत. महत्त्वाचे आहे ते भांडार आणि त्याचा व्यवहार. संघाला तुकड्यांचा संच मिळे आणि आपण केलेले नवे तुकडे त्याने परत भांडारात द्यावेत, अशी अपेक्षा असे. देवाणघेवाणीचा हा नियम होता म्हणून गणिताचा विद्यार्थी, इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी एकाच टेबलाशी बसले. त्यांच्यापुढे तीच वस्तू होती.

मात्र त्या भांडाराची एक मोठी उणीव लवकरच उघडी पडली. तुकडे हजारोंनी जमले, पण त्यातला कोणता किती काम करतो हे भरवशाने सांगता येईना. कितीतरी तुकड्यांची नीट मोजणीच झालेली नव्हती. ज्यांची झाली होती ती वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या एककांत. जिवाणूत हिरवे चमकणारे प्रथिन तयार करवून त्याची चमक मोजणे ही या क्षेत्रातली रोजची मोजणी. पण यंत्र देते ती संख्या त्या यंत्रापुरतीच खरी. एकेकाळी आपल्याकडे गावोगावची पायली वेगळी होती, तशीच ही अवस्था. यावर उपाय म्हणून २०१४पासून आयजेमने जगभरच्या संघांकडून एकच प्रयोग करून घ्यायला सुरुवात केली. तो जवळून पाहण्यासारखा आहे. शहाण्णव खळग्यांची एक प्लॅस्टिकची थाळी घ्यायची. पहिल्या स्तंभात फ्लुओरेसिन नावाच्या चमकणाऱ्या रंगाचे ठरलेल्या तीव्रतेचे द्रावण टाकायचे, त्यातले निम्मे उचलून पुढच्या स्तंभात, त्यातले निम्मे त्याच्या पुढच्यात, असे पातळ करत जायचे आणि शेवटचा स्तंभ कोरा ठेवायचा. यंत्राचे आकडे आणि द्रावणाची माहीत असलेली तीव्रता यांची सांगड घातली की ते यंत्र सगळ्यांना कळेल असे माप बोलू लागते. पेशींची संख्या मोजायला जिवाणूएवढ्याच आकाराचे सिलिकाचे सूक्ष्म मणी वापरले, किती मणी आहेत हे आधीच ठाऊक असलेले. २०१८च्या फेरीत २४४ प्रयोगशाळांनी हे केले, त्यात बहुतेक विद्यार्थी होते, आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा निष्कर्ष असा की ताडून पाहिलेल्या पद्धतींत मण्यांची पद्धत सर्वांत विश्वासार्ह. स्वस्तही. या अभ्यासाचे नेतृत्व करणारे जेकब बील हे मूळचे संगणकशास्त्रज्ञ. मोजमापाच्या या खटपटीत नवा जीव नाही, नवे औषध नाही, वर्तमानपत्रात मथळा होईल असे काही नाही. तरीही या क्षेत्राच्या गेल्या दशकातले ते सर्वांत सामूहिक काम असावे, असे माझे मत आहे.

सामायिक वस्तू नसली की काय होते, याचेही दाखले आहेत. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २००६पासून दहा वर्षे ‘सिनबर्क’ हे मोठे केंद्र पोसले. बर्कली, स्टॅनफर्ड, हार्वर्ड, एमआयटी अशी नावे त्यात होती. समाजशास्त्रांनाही सुरुवातीपासून जागा होती आणि मानववंशशास्त्रज्ञ पॉल रॅबिनॉ यांच्याकडे तो विभाग होता. काही वर्षांत ते बाहेर पडले आणि २०१२मध्ये त्यांनी गेमन बेनेट यांच्यासह त्या अनुभवावर पुस्तक लिहिले. त्याचा सूर अपेक्षाभंगाचा आहे. जीवशास्त्रज्ञ आणि अभियंते यांच्यात जनुके आणि तुकडे यांचा व्यवहार होता. मानववंशशास्त्रज्ञाच्या हाती मात्र कोणतेच सामायिक काम नव्हते, फक्त बैठकीतली खुर्ची होती. याच केंद्राचे प्रमुख जे कीजलिंग यांच्या गाजलेल्या कामातही अशीच एक पोकळी दिसते. मलेरियावरचे आर्टेमिसिनिन हे औषध वनस्पतीपासून मिळते. त्याचा पूर्वघटक यीस्टकडून बनवून घेण्याच्या कामाला २००४मध्ये गेट्स फाउंडेशनने ४ कोटी २६ लाख डॉलर दिले. विज्ञान उत्तम जमले, २०१३मध्ये एका लिटरमागे २५ ग्रॅमपर्यंत उत्पादन गेल्याचे प्रसिद्ध झाले आणि सानोफीने इटलीत कारखाना चालवला. पण तोवर चीन, व्हिएतनाम, पूर्व आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी लागवड वाढवली होती. वनस्पतीजन्य आर्टेमिसिनिनचा भाव किलोला २५० डॉलरच्या खाली आला, सानोफीचा ना-नफा भाव ३५० ते ४००च्या घरात. २०१५मध्ये तिथे एक किलोही बनले नाही आणि कारखाना विकला गेला. कृषी-अर्थशास्त्रज्ञाने भावाच्या चढउताराचे गणित मांडून, प्रति लिटर किती ग्रॅमला हे यीस्ट बाजारात टिकेल असा आकडा संशोधकांच्या टेबलावर ठेवला असता, तर पुढचे पैसे कुठे घालायचे हा निर्णय तरी वेगळा झाला असता. अर्थशास्त्रज्ञ शेवटी मत द्यायला बोलावण्याचा माणूस नाही. प्रयोगाचे लक्ष्य ठरवणारा आकडा त्याच्याकडून येतो.

आता आपल्या दाराशी या. पुण्यात १९५०पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि तिला लागून २००६मध्ये स्थापन झालेली आयसर. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, त्याच आवारात जैवमाहितीशास्त्राचे जुने केंद्र आणि सी-डॅक. शिवाय आघारकर संशोधन संस्था. पिंपरीत १९५४पासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे मोठ्या टाक्यांत सूक्ष्मजीव वाढवण्याचे सात दशकांचे शहाणपण. लसी बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट. तीन-चार तासांवर मुंबईत आयआयटी, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि माटुंग्याची आयसीटी. सिंथेटिक बायोलॉजीला जे जे लागते ते सगळे एका द्रुतगती मार्गाच्या दोन टोकांना आहे, आणि तरी या क्षेत्राचा असा पुणे-मुंबईचा समूह आहे असे म्हणवत नाही. चांगले गट आहेत, एकेकटे. यात एक अपवाद आवर्जून सांगायला हवा. रासायनिक प्रयोगशाळेतच औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, एनसीआयएम. महाविद्यालयापासून कारखान्यापर्यंत कुणालाही यीस्टचा, जिवाणूचा, बुरशीचा ओळख पटलेला वाण हवा असला की तिथून मागवता येतो. एखादा वाण दशकानुदशके शुद्ध आणि जिवंत ठेवणे, त्याची वंशावळ नोंदवणे, नळी फुटली तर दुसरी तयार असणे, हे काम किती चिवट आहे ते करणाऱ्यालाच ठाऊक. सामायिक भांडार कसे चालवावे याचे धडे घ्यायला आपल्याला एमआयटीला जायची गरज नाही. पाषाण रस्त्यावर ते चालू आहे. रचलेल्या डीएनए तुकड्यांसाठी आणि मोजमापांसाठी असे काही आपण उभे केले नाही, एवढेच.

का केले नाही? कारण करणाऱ्याला त्याचे काही मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीतला प्राध्यापकांच्या संशोधनाचा गुणतक्ता काढून पाहा. शोधनिबंधाला दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. दोनपेक्षा अधिक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३०. एखाद्या आंतरशाखीय निबंधात जीवशास्त्रज्ञाने पेशी घडवली, गणितज्ञाने प्रतिमान मांडले, अभियंत्याने मोजणीचे यंत्र जुळवले, तर त्यातल्या दोघांना तिसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी गुण मिळणार. गणितज्ञाने आपल्या विभागात बसून एकट्याने लिहिलेला निबंध त्याला अधिक फळतो. राष्ट्रीय पेटंटला तक्त्यात ७ गुण आहेत, आंतरराष्ट्रीय पेटंटला १०. शंभर प्रयोगशाळा वापरतील असा तुकडा भांडारात जमा केला, किंवा मोजमापाची पद्धत बसवून दिली, तर त्याला रकानाच नाही. जी गोष्ट रकान्यात नाही ती संस्थेच्या कपाटातही राहत नाही. शोधविद्यार्थी पदवी घेऊन जातो, त्याच्या नळ्या उणे ८० अंशाच्या फ्रीझरमध्ये राहतात, झाकणावर फक्त त्याची आद्याक्षरे आणि तारीख. दोन वर्षांनी त्या नळीत काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही आणि नवा विद्यार्थी तोच तुकडा पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतो. २०२५च्या जानेवारीत आयोगाने नवा मसुदा आणला. त्यात ही गुणमोजणी मागे घेण्याचा आणि मूळ पदवीपेक्षा वेगळ्या विषयातही अध्यापक होण्याची वाट मोकळी करण्याचा विचार होता. गाजला तो मसुदा कुलगुरू निवडीच्या कलमांवरून. त्या वादाचे महत्त्व मला मान्य आहे, पण आंतरशाखीय संशोधनाचे भवितव्य ज्या कलमांत होते त्यांवर जवळजवळ कुणी बोललेच नाही.

यावर पहिला आक्षेप जुन्या, मुरलेल्या प्राध्यापकांचा असतो, आणि तो हलका नाही. आंतरशाखीय म्हणजे धड ना हे धड ना ते, अशी पिढी तयार होईल. विद्यार्थ्याला आधी एक विषय खोलवर येऊ द्या. हे खरेच आहे, आणि टॉम नाइट यांचे उदाहरण त्यांच्याच बाजूने बोलते. आयुष्याचा मोठा भाग संगणकात मुरल्यावर ते जीवशास्त्राकडे वळले. पण सामायिक मापे आणि भांडार यांचा फायदा नेमका हाच की प्रत्येकाने प्रत्येक विषय अर्धामुर्धा शिकायची गरज उरत नाही. फ्लुओरेसिनचे माप ठरलेले असेल तर गणितज्ञाला जीवशास्त्रज्ञाच्या आकड्यावर विसंबता येते, स्वतः पेशी वाढवायला शिकावे लागत नाही. ‘सिंथेटिक बायोलॉजी’ नावाच्या नव्या पदव्या धडाधड सुरू करण्याला माझाही विरोधच आहे. दुसरा आक्षेप असा की जीव म्हणजे यंत्र नव्हे, तुकडे जोडून तो हुकमी चालत नाही, आणि या क्षेत्राने गेल्या दोन दशकांत आश्वासनांचा पाऊस पाडून पदरात फार थोडे टाकले. कीजलिंग यांच्याच प्रयोगशाळेतून निघालेली ॲमिरिस कंपनी २०२३मध्ये दिवाळखोरीत गेली, हे आक्षेप घेणाऱ्यांच्या हातचे पान आहे. आश्वासनांबद्दल ते बरोबर आहेत. तुकडा एका पेशीत चालला म्हणून दुसऱ्या पेशीत चालेलच असे नाही, हेही बरोबर. पण तो कुठे चालतो आणि कुठे नाही हे कळायला अनेकांनी एकाच मापाने मोजावे लागते. जीव हुकमी नाही, हे सामायिक मोजमापाच्या बाजूचेच कारण ठरते.

उद्योगांचा आक्षेप वेगळा. सगळे वाटून टाकले तर गुंतवणूक कोण करील? इथे सीमारेषा आखणे फार अवघड नाही. मापे, मूलभूत तुकडे आणि सार्वजनिक पैशाने बनलेले वाण सामायिक, त्यांपासून घडवलेले अंतिम उत्पादन ज्याचे त्याचे. यीस्टच्या प्रकल्पानेही वाण खुले ठेवले, त्यांच्या पुढच्या वापरातून कुणी व्यवसाय करू नये असे म्हटले नाही. अमेरिकेतली ॲडजीन ही ना-नफा संस्था २००४पासून प्रयोगशाळांचे डीएनए तुकडे गोळा करून जगभर पाठवते, आणि त्यामुळे कुठलीही औषध कंपनी बुडाल्याचे ऐकिवात नाही. अडते ते बहुतेक वेळा कागदावर. एका संस्थेने दुसरीला तुकडा देताना होणारा हस्तांतरण करार महिनोन्‌महिने विधी विभागात पडून राहतो, तेवढ्यात विद्यार्थ्याचे वर्ष संपते. यावर तोडगा म्हणून २०१८मध्ये एक खुला, सर्वांसाठी एकसारखा करारनामा प्रसिद्ध झाला आहे. त्याच धर्तीवरचा एक नमुना आपल्या संस्थांनी एकदाच मान्य करून टाकायला कुणाची आडकाठी असू नये.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा. जनुकांची आखणी करणारे लोक वाढवायचे, साहित्य सगळ्यांच्या हाती द्यायचे, मग अपघात किंवा दुरुपयोग झाला तर? २०१८मध्ये कॅनडातल्या गटाने मागवलेल्या डीएनए तुकड्यांपासून घोड्यांच्या देवीचा विषाणू बांधल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही भीती काल्पनिक राहिलेली नाही. तुकडे मागवणाऱ्याची आणि मागणीची छाननी व्हायलाच हवी. आपल्याकडे १९८९च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती बंधनकारक आहे, ती कागदोपत्री उरू नये एवढे पाहावे. पण बंदिस्त, एकट्या प्रयोगशाळा अधिक सुरक्षित असतात हे गृहीतक तपासून घ्या. डिसेंबर २०२४मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’मध्ये इशारा दिला की ज्याचे सगळे रेणू आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे आहेत असा जिवाणू घडवण्याचा मार्ग सोडून द्यावा, कारण माणसाची, प्राण्यांची, वनस्पतींची प्रतिकारयंत्रणा बहुधा त्याला ओळखणारच नाही. त्या ३८ जणांत केट ॲडॅमाला यांच्यासारखे, आधी त्याच दिशेने काम करणारे संशोधक होते. रोगप्रतिकारशास्त्र आणि परिसंस्था यांच्या अभ्यासकांशी बसल्यावर त्यांनी आपला बेत सोडला. धोका ओळखायला वेगळ्या शाखेचा डोळा लागला. आणि उशिरा एकत्र बसण्याची किंमत आपण मोजलेली आहे. जालन्याच्या महिकोचे बीटी वांगे वर्षानुवर्षांच्या प्रयोगांनंतर मंजुरीच्या उंबरठ्यावर आले, मग २०१०च्या सुरुवातीला नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारीत त्यावर स्थगिती आली. ती स्थगिती योग्य होती की अयोग्य यावर दोन मते असू शकतात. पण शेतकरी, वैद्य, परिसंस्थेचे अभ्यासक आणि जनुकतज्ज्ञ पहिल्यांदा समोरासमोर आले ते भरलेल्या सभागृहात, घोषणांच्या गदारोळात, सगळे प्रयोग संपल्यावर. तिथे कुणाचेच कुणाला ऐकू जाणार नव्हते.

उरला पैसा. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करणाऱ्या देशात भांडारे आणि मापे ही चैन नाही का? मला उलट वाटते. कमी पैशात तोच तुकडा दहा ठिकाणी दहा वेळा बांधणे ही चैन आहे. बायोफाउंड्रीसाठी यंत्रमानवी हात, डीएनए जुळवणारी यंत्रे यांची खरेदी होईल. खरेदी आपल्याला जमते. देखभालीचा करार संपला की यंत्रावर आच्छादन घालणेही जमते. म्हणून अशा प्रत्येक केंद्राच्या मंजुरीतच संग्रहपाल, मापनतज्ज्ञ आणि विदा सांभाळणारा यांची कायम पदे असावीत, तीन वर्षांच्या प्रकल्पावरची नव्हेत, आणि बढतीत त्यांना निबंध मोजून तोलू नये. अशा केंद्राच्या पैशातून बनलेला प्रत्येक तुकडा मोजणीसह जमा केल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नये. आणि याची वाट न पाहता उद्या करता येण्याजोगे एक काम आहे. महाराष्ट्रात सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी देणारी महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, अभियांत्रिकीची तर कितीतरी. एनसीआयएमसारख्या संस्थेने त्यातल्या पन्नासेक ठिकाणी एकच निरुपद्रवी वाण, तेच मणी आणि तीच कृती पाठवावी, आणि आलेले सगळे आकडे कॉलेजांच्या नावांसह छापावेत. सिलिकाच्या मण्यांना महागडे यंत्र लागत नाही, पदवीच्या प्रयोगशाळेतला साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर चालतो. पहिल्या वर्षी आकडे जुळणार नाहीत. मग कुणाचा दिवा मंद झाला आहे, कुणाची पिपेट जास्त उचलते आणि कुणाची बेरीज चुकली हे शोधायला सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलीला इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागात जावे लागेल, आणि संख्याशास्त्राच्या मुलाला निदान एकदा तरी थाळी हातात धरावी लागेल.